कठीण माणसं आणि ख्रिस्ती प्रीती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाळक नाही. गेली बरीच वर्षं एका लहानशा बायबल अभ्यासगटात बसतो, एवढंच. त्या दिवशी अध्याय कुठलाही असो, तासाभराने गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते : "वचन खरं आहे हो, पण आमच्याकडचा तो माणूस तुम्हाला माहीत नाही." मग प्रत्येकाचा 'तो माणूस' बाहेर येतो. कुणाचा वरिष्ठ, कुणाचा भाऊ, कुणाची शेजारीण. पुन्हा पुन्हा निघालेले प्रश्न आणि त्यांची मला सुचलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मला तो माणूस मनापासून आवडत नाही. मग त्याच्यावर प्रीती करणं हे ढोंगच नाही का?

आवडत नसेल तर नसू दे. येशूने वैऱ्यांवर प्रीती करा असं सांगितलं, वैरी आवडून घ्या असं नाही. अमेरिकेतले पाळक आणि नागरी हक्कांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1957 साली माँटगोमरीतल्या आपल्या चर्चमध्ये याच वचनावर उपदेश केला, तेव्हा हाच फरक दाखवला होता. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या राहत्या घरावर बॉम्ब टाकला गेला होता. सुखात बसलेल्या माणसाने हे सांगितलं असतं तर मी कदाचित कानाआड केलं असतं.

पण मला याहून जुना एक शास्त्रभाग जास्त आवडतो. जुन्या करारातल्या निर्गमच्या 23व्या अध्यायात नियम आहे : तुझ्या शत्रूचा बैल किंवा गाढव मोकाट भटकताना दिसलं, तर ते त्याच्याकडे नेऊन पोहोचव. तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं, तर तसंच पुढे जाऊ नकोस, त्याला हात लाव. बस, एवढंच. त्या वेळी मनात काय वाटलं पाहिजे याबद्दल चकार शब्द नाही. गाढव उठलं पाहिजे.

आज हे गाढव वेगवेगळ्या रूपात भेटतं. ज्याच्याशी पटत नाही त्या सहकाऱ्याचं काम शेवटच्या दिवशी अडकलेलं असतं आणि ते कसं सोडवायचं हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं. किंवा त्याच्यावर खोटा आळ आलेला असतो आणि खरं काय ते तुम्ही पाहिलेलं असतं. अशा वेळी हात लावणं ही प्रीती. मनातून चरफडत लावला तरीही.

ढोंगात समोरच्याला फसवण्याचा हेतू असतो. भावना मागे आणि कृती पुढे, याला ढोंग म्हणत नाहीत. रात्री तिसऱ्यांदा रडणाऱ्या बाळासाठी उठणाऱ्या आईला त्या क्षणी काही फार प्रेमळ वाटत नसतं, म्हणून तिला आपण ढोंगी म्हणतो का? मात्र तोंडावर गोड बोलून पाठीमागे त्याच माणसाची नक्कल करणं, हे ढोंगच. माझ्याकडून ते झालेलं आहे आणि नक्कल चांगली वठत होती, हीच अडचण होती.

सहनशील राहायचं म्हणजे मुकाट्याने सोसत राहायचं का? दुसरा गाल पुढे करायचाच ना?

मराठी बायबलमध्ये देवासाठी एक शब्द येतो : मंदक्रोध. 103व्या स्तोत्रात आहे, इतरही ठिकाणी आहे. मूळ हिब्रू शब्दांचा अक्षरशः अर्थ 'लांब नाकाचा' असा होतो, कारण त्या भाषेत नाक आणि राग यांना एकच शब्द आहे. आपण तरी दुसरं काय म्हणतो? "त्याचा राग अगदी नाकावर असतो." नाकच लांब असलं, की टोकापर्यंत पोहोचायला रागाला वेळ लागतो!

मला या शब्दाने बरंच काही शिकवलं. देव अक्रोध नाही, मंदक्रोध आहे. राग आहे, पण तो हळू येतो. आणि त्या हळू येण्यात समोरच्याला सावरायला जागा मिळते. नव्या करारात सहनशीलतेसाठी जो ग्रीक शब्द येतो, त्यातही 'लांब' हाच अर्थ दडलेला आहे. म्हणजे सहनशीलता ही प्रसंग आणि प्रतिक्रिया यांच्यामधली लांबी आहे. गिळून टाकणं वेगळं. गिळलेला राग कुठे जात नाही, तो साचतो आणि भलत्याच माणसावर, बहुधा घरातल्या सगळ्यात धाकट्यावर, निघतो.

आता गालाचं. ज्याने दुसरा गाल पुढे करायला सांगितलं, त्याच्याच गालावर चपराक बसली तेव्हा त्याने काय केलं, हे योहानाच्या 18व्या अध्यायात आहे. प्रमुख याजकासमोर चौकशी चालू असताना एका शिपायाने येशूला मारलं. येशूने उलट मारलं नाही. पण तो गप्पही राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने सरळ विचारलं. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला रोमी नागरिक असूनही फिलिप्पै शहरात त्यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांचा निरोप आला, गुपचूप निघून जा. पौलाने नकार दिला : त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. त्यांना यावं लागलं. सूड घ्यायचा नाही याचा अर्थ अन्यायाला अन्याय म्हणायचं नाही असा होत नाही.

व्यवहारात मी एक साधी गोष्ट पाळतो. रागाच्या भरात लिहिलेला मेसेज त्या रात्री पाठवत नाही. सकाळी वाचला की निम्मा खोडावासा वाटतो, कधी सगळाच. एकदा थांबलो नव्हतो, त्याला आता बरीच वर्षं झाली. ते नातं अजून नीट बसलेलं नाही.

म्हणजे राग येणं हे पाप नाही?

नाही. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं केलं तर आरोप ठेवावा म्हणून टपून बसलेल्या लोकांकडे येशूने रागाने पाहिलं, असं मार्क 3:5 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. आणि त्याच वाक्यात आहे की त्यांच्या मनाच्या कठीणपणामुळे तो खिन्न झाला. मला वाटतं, ओळखायची खूण हीच. माझ्या रागात समोरच्यासाठी थोडं तरी दुःख आहे का, की नुसतीच चीड आहे? इफिसकरांच्या पत्रात सूर्य मावळण्याची मुदत दिली आहे, तीही उगीच नाही.

मोठं वैर वगैरे काही नाही. पण एका माणसाच्या बारीकसारीक सवयींनी डोकं उठतं. याला काय करावं?

हसू नका, हा मला सगळ्यात अवघड प्रश्न वाटतो. मोठ्या प्रसंगी माणूस तयारीने उभा राहतो. तोंडाचा चकचक आवाज करणारा, प्रत्येक वाक्य मध्येच तोडणारा, तीच तक्रार चाळीसाव्यांदा सांगणारा माणूस समोर आला की तयारीच नसते.

या बाबतीत माझी गुरू म्हणजे फ्रान्समधल्या लिझ्यू गावची संत तेरेझा. ती 1888 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, मठात गेली आणि 1897 साली चोविसाव्या वर्षी वारली. तिच्या नावावर काही मोठे पराक्रम नाहीत. चार भिंतींच्या आत, त्याच त्या बायकांबरोबर तिचं आयुष्य गेलं. तिने आठवणींत लिहून ठेवलं आहे की संध्याकाळच्या मूक प्रार्थनेत तिच्यामागे बसणारी एक भगिनी सतत एक विचित्र बारीक आवाज करायची. वळून एक जळजळीत नजर टाकावी असं तेरेझाला फार वाटे. घाम फुटेपर्यंत ती तो आवाज सोसत बसे. शेवटी तिने त्याकडे दुर्लक्ष करायची धडपडच सोडली आणि तो एखादा वाद्यवृंद असावा तसा लक्ष देऊन ऐकायला लागली. तीच तिची त्या वेळची प्रार्थना झाली.

आणखी एक भगिनी होती, तिचं सगळंच तेरेझाला खटकायचं. बोलणं, वागणं, स्वभाव. तेरेझाने ठरवलं, जी व्यक्ती मला सगळ्यात प्रिय आहे तिच्याशी जशी वागेन तशीच हिच्याशी वागायचं. भेटली की हसायचं, जमेल ती मदत करायची, तिच्यासाठी प्रार्थना करायची. तर एक दिवस त्या भगिनीने आनंदाने विचारलं, माझ्यात तुला एवढं काय आवडतं गं?

पण मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. तेरेझा प्रामाणिकपणे कबूल करते की कधी कधी आतली लढाई फारच पेटली की ती चक्क पळ काढायची, रणांगणातून पळणाऱ्या सैनिकासारखी. संतपदाला पोहोचलेली बाई उठून निघून जात होती! तेव्हा तुम्हीही दहा मिनिटं बाहेर चक्कर मारून आलात तर विश्वासात काही कमी पडत नाही.

त्याला तोंडावर सांगावं, की सोडून द्यावं?

लहानसहान असेल तर सोडून द्यावं. सगळ्याच गोष्टींचा निकाल लावायचा नसतो. पण गोष्ट मनात परत परत येत असेल, किंवा त्याच्या वागण्याने तिसऱ्या कुणाचं नुकसान होत असेल, तर सांगावं. मत्तय 18 मध्ये क्रमही दिला आहे : आधी दोघंच असताना. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घेऊन. मगच मंडळीपुढे, म्हणजे सगळ्या चर्चपुढे.

आपण हा क्रम बरोबर उलटा करतो. आधी चार जणांना सांगतो, मग ग्रुपवर एखादं 'सर्वांसाठी' वचन टाकतो जे फक्त एकासाठी असतं, आणि ज्याला सांगायचं त्याला सोडून बाकी सगळ्यांना कळतं. प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली केलेली चुगली तर विचारूच नका.

सांगताना एकच प्रसंग घ्या. "तू नेहमीच असं करतोस" हे ऐकल्यावर समोरचा वकील होतो. "काल सगळ्यांसमोर तू माझं बोलणं तोडलंस, मला ते लागलं" यात वाद घालण्यासारखं फारसं उरत नाही. आणि तो काय म्हणतो ते ऐकायला थोडा वेळ ठेवा. अर्ध्या वेळा गोष्ट आपल्याला वाटली होती त्याहून वेगळी निघते.

किती वेळा क्षमा करायची? आणि क्षमा केली म्हणजे पुन्हा पूर्वीसारखं वागायचं का?

येशूचा शिष्य पेत्र याने सात वेळा म्हटलं, तेव्हा आपण फार उदार होतोय असंच त्याला वाटलं असणार. येशूने सांगितलं, सात नव्हे, साताच्या सत्तरपट. हा आकडा हवेतून आलेला नाही. उत्पत्तीच्या 4थ्या अध्यायात लामेख नावाचा माणूस बढाई मारतो की काइनाबद्दल सातपट सूड घेतला जाईल, तर माझ्याबद्दल सत्त्याहत्तरपट. येशूच्या उत्तरात त्या जुन्या सूडाच्या गणिताचा प्रतिध्वनी आहे, फक्त उलट दिशेने. जिथवर सूड जात होता, तिथवर आता क्षमा जायची.

पहिल्या करिंथकरांस पत्राच्या 13व्या अध्यायात प्रीतीबद्दल म्हटलंय, ती 'अपकार स्मरत नाही'. तिथला मूळ ग्रीक शब्द हिशेब मांडण्याचा आहे. म्हणजे विसरभोळं व्हायचं नाही, वही ठेवायची नाही. घटना आठवतेच. पण दर भांडणात जुन्या नोंदी काढून दाखवणं बंद.

दुसऱ्या भागाचं उत्तर नाही, असं आहे. क्षमा माझ्या एकट्याच्या हातात आहे. समेटाला दोघं लागतात. आणि विश्वास तर हप्त्याहप्त्यानेच परत मिळतो. योसेफाचं पाहा. भावांनी त्याला विकलं होतं. वर्षांनी ते धान्यासाठी त्याच्यापुढे उभे राहिले, तेव्हा त्याने आपली ओळख लगेच दिली नाही. त्यांना धान्य दिलं, त्यांचे पैसे गुपचूप त्यांच्या गोण्यांत परत ठेवले, पण त्यांच्यातल्या शिमोनाला ठेवून घेतलं आणि धाकट्या बन्यामिनाला घेऊन या म्हणाला. बन्यामिनाच्या जागी मला गुलाम म्हणून ठेवा असं त्यांच्यातला यहूदा म्हणाला, तेव्हा योसेफाचा बांध फुटला. भाऊ बदललेत हे त्याला दिसलं. उसने घेतलेले पैसे तीनदा बुडवणाऱ्याला क्षमा करा, पण चौथ्यांदा तुमच्या मुलांच्या शिक्षणाचे पैसे त्याच्या हातात ठेवा असं शास्त्र कुठेच सांगत नाही.

मनातून क्षमा होतच नाही. मग?

कोरी टेन बूम ही नेदरलंड्सची बाई. दुसऱ्या महायुद्धात तिच्या कुटुंबाने ज्यूंना घरात लपवलं, म्हणून 1944 मध्ये सगळ्यांना अटक झाली. ती आणि तिची बहीण बेट्सी रावेन्सब्रुकच्या छळछावणीत होत्या; बेट्सी तिथेच वारली. युद्धानंतर, 1947 मध्ये, म्युनिकच्या एका चर्चमध्ये कोरी क्षमेवर बोलली आणि सभा संपल्यावर त्याच छावणीतला एक पहारेकरी तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने हात पुढे केला. तिचा हात उठेना. नुकतंच क्षमेवर बोलून झालेलं, आणि हात उठेना! तिने मनात एवढीच प्रार्थना केली की हात मी उचलते, भावना तू दे. हात आधी यंत्रासारखाच पुढे गेला, भावना त्यानंतर आली.

परत तेच. गाढव आधी, मन मागून.

घरात मारहाण होते, धमक्या मिळतात. तरीही प्रेमाने सोसायचं?

नाही. तिथून बाहेर पडा, सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसाला सांगा, पोलिसांची आणि कायद्याची मदत घ्या. मुलं असतील तर आधी त्यांना बाहेर काढा. "प्रार्थना करत राहा, घरी परत जा" असा सल्ला कुणी दिला, मग तो मंडळीतला कितीही मोठा असो, तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद हात जोडून उभा राहिला नाही. त्याने भाला चुकवला आणि पळाला. पुढे शौल दोनदा त्याच्या तावडीत सापडला, दोन्ही वेळा त्याने त्याला जिवंत सोडलं. शेवटी शौल म्हणाला, परत ये, मी तुझं वाईट करणार नाही. दावीदाने त्याचा भाला परत केला, पण स्वतः गेला नाही. सूडही नाही आणि भाल्याच्या टप्प्यातही नाही.

त्याच्यासाठी प्रार्थना करायला बसलो की तक्रारींची यादीच सुरू होते.

होऊ द्या. स्तोत्रांत याहून कडक भाषा आहे, 109वं वाचून पाहा. तो राग माणसावर ओतण्याऐवजी देवापुढे ओतला, हीच सुरुवात.

योनाचा शेवटचा अध्यायही वाचा. देवाने योनाला निनवे नगराला इशारा द्यायला पाठवलं होतं आणि तो आधी पळून गेला होता. निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला, देवाने त्यांना सोडलं, आणि योना भडकला. त्याची तक्रार काय, तर तू मंदक्रोध आहेस हे मला ठाऊकच होतं, म्हणूनच मी पळालो होतो! आपल्यासाठी देव लांब नाकाचा हवा, आणि त्या माणसासाठी आखूड. त्या पुस्तकाचा शेवट देवाच्या प्रश्नाने होतो : डाव्याउजव्याचा भेद न कळणारी 1,20,000 हून अधिक माणसं आणि कितीतरी गुरंढोरं असलेल्या या नगराची मी कीव करू नये काय? योनाचं उत्तर पुस्तकात नाही.

तक्रारी संपल्या की एकच गोष्ट मागून पाहा : त्याला आज रात्री नीट झोप लागू दे. मला इथून पुढे जायला सोपं जातं. झोप न लागलेला माणूस कसा असतो हे आपल्याला माहीत असतं.

चर्चमध्येच कठीण माणसं भेटली तर? मंडळी बदलू का?

कधी बदलावी लागते. पण पुढच्या मंडळीतही माणसंच असतात. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं पटत नव्हतं. पौल दोघींनाही नावाने विनंती करतो आणि त्यांना साहाय्य कर असं आपल्या सोबत्याला सांगतो. कोण चूक, हे तो लिहीत नाही.

खुद्द पौलाचं आणि त्याचा सहकारी बर्णबाचं, मार्काला प्रवासात बरोबर घ्यावं की नाही यावरून, इतकं बिनसलं की दोघं वेगळ्या वाटांनी गेले. प्रेषितांच्या कृत्यांत हे लपवलेलं नाही. पुढे दुसऱ्या तीमथ्याच्या पत्रात तोच पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधे वर्षं गेली होती. काही गोष्टींना वर्षंच लागतात.

सगळं करून पाहिलं. तो बदलला नाही. माझी प्रीती कमी पडली का?

येशूने त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले. त्यानंतर यहूदा उठून बाहेर गेला. प्रीती कमी पडली, असं तिथे कोण म्हणेल?

रोमकरांच्या 12व्या अध्यायात, सर्वांशी शांतीने राहा असं सांगताना, पौलाने दोन अटी घालून ठेवल्या आहेत : शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितके. दुसऱ्याचा अर्धा भाग तुमच्या खात्यावर नाही.

मीच कुणाचा तरी 'तो माणूस' असेन तर?

गटात हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीच इथे घातला आहे. कुसळ आणि मुसळ सगळ्यांना पाठ असतं. आपल्याकडे 'निंदकाचे घर असावे शेजारी' असंही म्हणतात, पण शेजारी निंदक राहायला आला की आपण पडदे बदलतो.

एकदा धीर करून मी घरातल्यांना विचारलं, माझ्यासोबत राहण्यात सगळ्यात अवघड काय आहे? मला वाटलं होतं थोडा विचार करतील. मुलगी लगेच म्हणाली, "बाबा, तुम्ही चिडत नाही. तुम्ही गप्प होता. दोन दोन दिवस." बायकोने मान हलवली. मी त्याला सहनशीलता समजत होतो.